गोळी लागू पडली, ट्रायल नापास झाली

संमतीपत्र चोवीस पानांचं होतं. काकांनी ते पेन्सिलीने खुणा करत पूर्ण वाचून आणलं होतं. एका वाक्याखाली दोन रेघा होत्या: ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपल्याला वैयक्तिक फायदा होईलच असे नाही.’ शेजारी समासात त्यांच्या अक्षरात एकच शब्द, ‘मग?’

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तक्रारी तपासते. ट्रायल होती कान वाजण्यावरच्या एका नव्या गोळीची, म्हणजे माणसांवरची चाचणी. ती घेणाऱ्या मंडळींशी माझा काही संबंध नव्हता. काका चार वर्षांपासून कान वाजण्याच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत होते. ट्रायलमध्ये जावं का, हे विचारायला ते आले आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष जे घडलं ते मी त्यांच्या फायलीत टिपत गेले. त्यांच्या परवानगीने ते इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि कुठली गोळी, कुणाची ट्रायल, हे सांगत नाही.

आधीची स्थिती

वय ५६. छापखान्यात मशीनवर सत्तावीस वर्षं, त्यातली बरीचशी कानाला काही न लावता. ऐकण्याच्या आलेखात २००० हर्ट्झपर्यंत फारसं वावगं नाही, ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच स्वरांना, मात्र दोन्ही कानांत खड्डा, ५५ डेसिबलपर्यंत. आवाजाने झालेल्या नुकसानीची ही नेहमीची खूण. कानात बारीक, सलग शिट्टी, सहा वर्षांपासून. ती बाहेरच्या स्वरांशी जुळवून पाहिली तेव्हा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ६ डेसिबल वर जुळली. नव्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण ज्या आवाजाने झोप उडते तो उंबरठ्यापासून मोजला तर जेमतेम ऐकू येण्याएवढाच भरतो. आवाज किती मोठा आणि त्रास किती मोठा, या दोन गोष्टींचं आपसात फारसं जमत नाही.

श्रवणयंत्रं, रात्री उशाशी हलका आवाज आणि बरंच बोलणं एवढ्यावर काकांची गाडी चार वर्षांत रुळावर आली होती. ‘दिवसातून दोन-तीनदा आठवतं, मग कामात जातं,’ असं ते सांगायचे. ट्रायलची जाहिरात दिसली तेव्हा मात्र घरात आजारपण होतं, रात्रपाळी चालू होती आणि शिट्टीने पुन्हा डोकं वर काढलं होतं. चांगल्या महिन्यात त्यांनी ती जाहिरात वाचलीही नसती.

गोळीमागचा विचार

आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. तो भरून काढायला मेंदूच्या पायथ्याशी असलेली श्रवणकेंद्रं आपला आवाज वाढवतात आणि बाहेर काही वाजत नसतानाही तिथल्या चेतापेशी धडाधड संदेश सोडत राहतात. चेतापेशीला ब्रेक लागतो तो पोटॅशियम पेशीबाहेर गेल्याने. म्हणून पोटॅशियमच्या वाहिन्या अधिक उघडल्या तर ही बडबड थांबावी, असा तर्क. प्राण्यांमध्ये त्याला आधार मिळालेला आहे. काकांची गोळी याच कुळातली.

या कुळाला इतिहासही आहे. रेटिगॅबिन नावाचं अपस्मारावरचं औषध याच मार्गाने चालायचं. काही रुग्णांचे ओठ, नखं, त्वचा निळसर पडली, डोळ्यांच्या पडद्यावर रंगद्रव्य साचलं, २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि २०१७ मध्ये ते औषध बाजारातून गेलं. संमतीपत्रात दर काही आठवड्यांनी डोळ्यांची तपासणी का लिहिली आहे, हे काकांनी विचारलं तेव्हा मी एवढं सांगितलं, आणि गोळी नवी आहे, तिच्याबाबत हाच प्रश्न ट्रायलच्या डॉक्टरांना विचारा असंही. त्यांनी विचारला, आणि डॉक्टरांनी टाळाटाळ न करता उत्तर दिलं. माणसं कशी आहेत हे मला तिथे कळलं.

‘मग?’चं उत्तर

संशोधनातल्या गोळीला माणूस मनातल्या मनात उपचार समजू लागतो. या गैरसमजाला १९८२ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव दिलं, आणि तेव्हापासून संमतीपत्रं लांबत गेली तरी गैरसमज तसाच आहे. काकांनी ते वाक्य पकडलं ही मोठी गोष्ट. पण पकडूनही त्यांना वाटत होतं की आपल्याला फायदा होणार.

मी टेबलावर कागद घेऊन आखलं. ही दुसऱ्या टप्प्याची ट्रायल. पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी माणसांना देऊन गोळी झेपते का ते पाहिलेलं. आता ती लागू पडते का याचा पहिला अंदाज घ्यायचा. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली हे नाणेफेकीसारखं ठरणार, आणि ते तुम्हालाही माहीत नसणार, तपासणाऱ्यांनाही. बारा आठवडे गोळी, त्यानंतर बारा आठवडे नुसती देखरेख. या काळात श्रवणयंत्राची मांडणी बदलायची नाही, दुसरा कुठला नवा उपचार घ्यायचा नाही. म्हणजे माझ्याकडून मिळणारी मदतही चोवीस आठवडे गोठणार होती. संमतीपत्रातल्या जोखमीच्या यादीत ही किंमत नव्हती. मी ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली.

मग जुन्या दोन गोष्टी सांगितल्या. गिंको या वनस्पतीच्या अर्काची मोठी चाचणी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये झाली, ११२१ लोक. बारा आठवड्यांनी जोड्या लावून तुलना केली तेव्हा खरा अर्क घेणाऱ्या ३६० जणांपैकी ३४ जणांचा त्रास कमी झाला होता. खोट्या गोळीच्या ३६० पैकी? ३५. दुसरी गोष्ट ओटोनॉमी कंपनीच्या ओटीओ-३१३ या इंजेक्शनची. कानाच्या पडद्यातून आत सोडायचं औषध. २०२० मधल्या तीसेक माणसांच्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ४३ टक्के आणि खोटं औषध घेतलेल्यांपैकी १३ टक्के सुधारले, सगळीकडे आशा पसरली. २०२२ मध्ये दीडशेच्या आसपास लोकांवर तेच करून पाहिलं तर औषधात आणि खोट्या औषधात फरक उरला नाही.

काका म्हणाले, ‘म्हणजे जाऊ नको म्हणता?’

तसं मी म्हणत नव्हते. कान वाजणं कमी करते असं भक्कमपणे सिद्ध झालेली एकही गोळी आज नाही, आणि कुणीतरी अशा खोलीत जाऊन बसल्याशिवाय ती मिळणारही नाही. माझं म्हणणं इतकंच की जायचं असेल तर हे कारण मनात धरून जा. बरं होण्यासाठी जाणार असाल तर ‘मग?’ हाच शब्द वर्षभर छळेल. सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आम्ही मिळून काढले: काही इजा झाली तर खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तातडी आली तर गोळी खरी की खोटी हे उघड करता येतं का, निकाल आम्हाला कळवणार का, आणि गोळी लागू पडली तर ट्रायल संपल्यावर ती मिळणार का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं स्वच्छ उत्तर आलं. काकांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि सही केली. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं हेही त्यांना पाठ होतं.

ते ‘नाही’ त्या दिवशी त्यांना टोचलं नाही, कारण तेव्हा ते बरे झालेले नव्हते. माझ्याही हे लक्षात आलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझी चूक शोधायची तर ती इथे आहे.

पहिली गोळी घेण्यापूर्वीच

त्रास मोजायला टीएफआय (टिनिटस फंक्शनल इंडेक्स) ही प्रश्नावली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली, २५ प्रश्नांची, शून्य ते शंभर गुण, प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे. तेरा गुणांनी कमी झालं तर माणसाला जाणवण्याजोगा फरक, असा तिचा संकेत. ट्रायलमध्ये प्रवेशासाठी ठरावीक गुणांच्या वर असणं आवश्यक होतं.

निवडीच्या दिवशी काकांचे गुण आले ५४. दोन आठवड्यांनी, पहिली गोळी हातात मिळाली त्या सकाळी, ४५.

नऊ गुण कुठे गेले? कुठेच नाही. वर-खाली होणारा त्रास माणूस सर्वांत वाईट आठवड्यात घेऊन येतो, आणि प्रवेशाची रेघही वरचेच गुण असणाऱ्यांना आत घेते. पुढचा आठवडा बहुधा त्यापेक्षा बरा असणार. ब्रिटिश शास्त्रज्ञ गाल्टनने १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना हे सरासरीकडे परतणं दाखवलं होतं. ही ट्रायल नीट बेतलेली होती म्हणून तुलना ४५ पासून होणार होती. पण काकांच्या डोक्यात ५४ बसला तो बसलाच. ‘चोपन्नवर होतो मी,’ हे ते आजही म्हणतात.

तिसरा आठवडा

दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिल्या दहा दिवसांत काकांना उठता-बसता हलकी चक्कर यायला लागली. आणि ट्रायलच्या मोबाइल अ‍ॅपवर रोज रात्री नऊला प्रश्न यायचा: ‘आत्ता आवाज किती? ० ते १०.’

रात्री नऊला, घर शांत असताना, एखाद्याला आपल्या कानातली शिट्टी ऐकून तिला गुण द्यायला सांगायचं म्हणजे काय? त्यांनी तिकडे कान देऊ नये यासाठी मी चार वर्षं घालवली होती. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज नोंदवले. ज्यांची काही तक्रारच नव्हती त्यांची ही गत, मग काकांचं काय होणार? आठला ते प्रश्नाची वाट पाहू लागायचे, साडेनऊला शिट्टी जोरात, बाराला जागे. चौथ्या आठवड्यात टीएफआय ४५ वरून ४८ वर गेलं. ‘मॅडम, विसरलो होतो ते यांनी आठवण करून दिलं,’ असं ते फोनवर चिडून म्हणाले. त्यांना बाहेर पडायचं होतं.

मी झोपेसाठी काही सुचवू शकले असते, पण ते सुचवणं म्हणजे ट्रायलमध्ये तिसरं काहीतरी मिसळणं. माणसाची तब्येत ट्रायलच्या वर आहे, यात मला शंका नाही. तरीही पहिला फोन ट्रायलच्या डॉक्टरांना व्हायला हवा होता, आणि मी तो काकांना तिथेच, माझ्यासमोर करायला लावला. तेव्हा कळलं की चक्कर त्यांनी तिथे सांगितलेलीच नव्हती. का? ‘सांगितली तर गोळी बंद करतील.’ आणि मग हळूच, ‘चक्कर येते म्हणजे मला खरी गोळी मिळालीये ना!’

दुसरी कबुली त्याहून बिकट होती. तिथली समन्वयक मुलगी फार प्रेमाने विचारपूस करायची. अ‍ॅपवर पाच वाटलं की हे तीन टाकायचे. ‘ती एवढं करते, तिला वाईट वाटायला नको.’

मी जरा कडक बोलले. तुमच्या पाचाचे तीन झाले तर पुढे कुणीतरी त्या तीनवर विश्वास ठेवून गोळी घेईल. काकांना ते लागलं. त्यांनी चक्कर कळवली, ती अपेक्षित परिणामांच्या यादीतच होती, रक्तदाब आणि डोळे तपासून गोळी चालू ठेवली. चुकवलेले आकडेही त्यांनी सांगून टाकले, समन्वयक मुलीने ते तसे नोंदवून घेतले आणि अजिबात वाईट वाटून घेतलं नाही. रोजच्या प्रश्नाची वेळ रात्री नऊवरून संध्याकाळी सहावर आणायची मुभा मिळाली. इतकी साधी गोष्ट. ती आधीच कुणाला का सुचली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

उतार

आठव्या आठवड्यात ३३. बाराव्यात २७. शेवटच्या भेटीत रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या दोन गोळ्या मोजून परत घेतल्या.

४५ वरून २७, म्हणजे अठरा गुण. तेरापेक्षा बरेच जास्त. काका खुलले होते, चालण्यात फरक होता, बायकोशी भांडण कमी झालं असं ते स्वतःहून सांगत होते. हे सगळं खरं होतं आणि गोळीचं काही झालं तरी ते खरंच राहतं, म्हणून आधी नोंदवते.

आता फायलीतल्या बाकीच्या नोंदी. पाचव्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी सुटून दिवसपाळी लागली. ट्रायलच्या फॉर्ममध्ये इतर औषधांना रकाना होता, दुष्परिणामांना होता, पाळी बदलली याला नव्हता. घरातलं आजारपण सातव्या आठवड्यात निवळलं. दर भेटीत दोन-दोन तास कुणीतरी फक्त त्यांच्या कानाबद्दल, घाई न करता, ऐकून घेत होतं. मी जास्तीत जास्त चाळीस मिनिटं देऊ शकते. रोजचा प्रश्न सहावर आला होता. आणि चक्करेमुळे त्यांची खात्री झाली होती की आपल्या पोटात खरं औषध जातंय. दुहेरी गुप्तता कागदावर शाबूत होती, त्यांच्या मनात ती दहाव्या दिवशीच फुटली होती.

शिट्टी पुन्हा जुळवून पाहिली. उंबरठ्यापेक्षा आधी ६ डेसिबल होती, आता ५. मोजण्यातली चूकच यापेक्षा मोठी असते. काकांचं म्हणणं: ‘आवाज आहे तिथेच आहे. फक्त आता मी त्याच्या नादी लागत नाही.’ नेमकं हेच आम्ही चार वर्षं गोळीविना साधत आलो होतो, असं मला म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. त्यात थोडा माझा अहंकार होता.

चोविसाव्या आठवड्यात, शेवटची गोळी घेऊन तीन महिने झाल्यावर, २९.

पत्र

निकालाचं पत्र यायला आणखी नऊ महिने लागले. दोन परिच्छेद. खऱ्या आणि खोट्या गोळीच्या गटांत ठरवलेल्या मापावर फरक आढळला नाही, दोन्ही गट सुधारले, या गोळीचं पुढचं काम थांबवण्यात येत आहे. आपण खऱ्या गोळीच्या गटात होतात. आपल्या सहभागाबद्दल आभार.

काका तडक माझ्याकडे आले. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

‘मला लागू पडली ना! मग बंद कशी करतात? बाकीच्यांना नसेल पडली, माझ्यासारखे दहा तरी असतील की नाही?’

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. कान वाजणं हा एकच आजार नसण्याची शक्यता खरी आहे, आणि सरासरीत काही जणांचा खराखुरा फायदा बुडू शकतो. पण तो बुडालाय की नाही, हे एका माणसाकडे पाहून सांगता येत नाही. खोट्या गोळीच्या गटातही अठरा गुणांनी उतरलेले लोक असणार. त्यांच्यापैकी कुणाचीही पाळी बदलली असेल, कुणाचं दुखणं निवळलं असेल, आणि त्यांनाही वाटलं असेल की लागू पडली. त्यांना आलेलं पत्र मात्र वेगळं होतं. काकांच्या बाबतीत खात्री करायची तर गोळी पुन्हा सुरू, पुन्हा बंद, खरी-खोटी आलटून पालटून द्यावी लागेल, त्यांना न सांगता, अनेक वेळा. आणि गोळी तर आता कुणी बनवत नाही.

मी २९ वर बोट ठेवलं. ‘काका, तीन महिने गोळी नव्हती. तरी तुम्ही एकोणतीसवर. गोळी धरून ठेवत होती तर ती गेल्यावर पुन्हा पंचेचाळीस व्हायला हवे होते.’

त्यांनी क्षणभर विचार केला. ‘मग तिने मुळापासूनच बरं केलं असेल.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा विश्वास नाही, पण खोडून काढता येईल असं काही माझ्या फायलीतही नव्हतं आणि त्यांच्या पत्रातही नव्हतं. सही करायच्या दिवशी मी त्यांना अपयशाची तयारी करून दिली होती, गोळी खोटी निघेल, त्रास वाढेल, चक्कर येईल, सगळं. आपण बरे झालो आणि ट्रायल नापास झाली तर काय समजायचं, याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. आता ट्रायलबद्दल विचारायला कुणी आलं की मी हाच प्रश्न आधी टाकते. बहुतेकांना तो गमतीचा वाटतो.

काका आता वर्षातून एकदा येतात, श्रवणयंत्र साफ करून घ्यायला. गेल्या खेपेला टीएफआय ३१ होतं. निघताना त्यांनी फाईल मागितली आणि ट्रायलचं पान उघडून म्हणाले, ‘इथे नीट लिहा, गोळी लागू पडली.’

मी लिहिलं: रुग्णाच्या मते सुधारणा गोळीमुळे.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘ते “रुग्णाच्या मते” काढा.’

मी पेन ठेवून दिलं. ते हसले, आणि पुढच्या वर्षीची तारीख घेऊन गेले.